टिचकी आणि थाप

१

मोटारीची समोरची काच बसवणं हे दोन माणसांचं काम आहे. एकट्यानं जमतं म्हणणारे भेटतात. त्यांनी बसवलेल्या काचा मी पाहिल्यात आणि त्या गाड्यांत मांडीवर टॉवेल घेऊन बसणारी माणसंही पाहिलीत.

आमच्या शेडमध्ये ती दोन माणसं म्हणजे मी आणि आमचे हे. मी बाहेर, हे आत. लग्न झाल्यापासून असंच आहे. मी अंगानं आडवी आणि तोंडानं फाटकी, म्हणून बाहेर. हे सडपातळ आणि अबोल, म्हणून आत. गिऱ्हाइकाशी बोलायचं मी, भांडायचंही मीच. हे आपले सीटवर बसून दोरी ओढणार.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या गाड्यांची काच चिकटवत नाहीत. काचेला चौफेर रबर चढवायचं. रबराला आतल्या बाजूनं एक खाच असते, तिच्यात दोरी भरायची आणि तिची दोन टोकं खाली मधोमध लोंबती ठेवायची. मग रबरासकट काच बाहेरून चौकटीवर टेकवायची आणि टोकं आत सोडायची. आतला माणूस दोरी ओढत जातो, तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत जाऊन बसतो. बाहेरच्यानं नेमक्या त्याच जागी काचेवर तळव्यानं थाप द्यायची. सगळ्यात शेवटी बाहेरच्या खाचेत चकचकीत पट्टी दाबून बसवायची. ती बसली की रबर आवळतं आणि काच मग नातवंडांच्या काळापर्यंत हलत नाही.

दोरी कुठे पोचली हे बाहेरच्याला कळणार कसं? साबणाच्या पाण्यानं काच धूसर झालेली असते. दुसरे लोक आरडाओरडा करतात. आमचे हे आतून बोटानं टिचकी मारतात. टिचकी वाजली की तिथे माझी थाप. घरात भांडण झालेलं असो, बोलणं बंद असो, काच बसवताना यांनी टिचकी मारायची आणि मी थाप द्यायची. चौकट पुरी होईपर्यंत माझा राग निम्मा उतरलेला असायचा. आमचा अर्धा संसार काचेच्या दोन बाजूंनी झाला म्हणा ना. आणि मधे अंतर केवढं, तर करंगळीच्या पेराएवढंसुद्धा नाही.

ही गाडी आणली एका वकीलबाईंनी. त्यांच्या काकांची होती, काका आता नाहीत, आणि बाईंना ती विकायची होती. काळी, गोल पाठीची, मोठ्या डोळ्यांची गाडी. टोचन करून आणली. गाडी शेडमध्ये ढकलून झाली तरी बाई दारातच उभ्या.

"समोरच्या काचेतून पाणी येतं," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही."

बाकी काही नाही. शिकलेली बाई, काळा कोट घालून कोर्टात खरं-खोटं करणारी, आणि माझ्या तोंडावर म्हणते बाकी काही नाही. अजून आठवलं की अंगाची लाही होते.

२

रबर काढायला घेतलं आणि माझं डोकं तिथेच फिरलं. रबर जुनं नव्हतंच. मऊ, काळंभोर, दुकानातून नुकतं आणल्यासारखं. सांधा खाली मधोमध, ब्लेडनं सरळ कापलेला. कुणीतरी मन लावून काम केलं होतं. खाली पत्र्यावर गंजाचा ठिपका नाही, पाण्याचा ओघळ नाही. पाणी येत होतं म्हणे. कुठून येत होतं, आभाळातून थेट सीटवर?

"चांगलं आहे की हे," मी म्हटलं. "बाईंना दुसरे उद्योग नाहीत."

"आपल्याला काय," हे म्हणाले. "नवं घाला म्हणाल्या, नवं घालू."

नवं रबर कापायच्या आधी आम्ही चौकट दोरीनं मापतो. मी बाहेरून कडेवर दोरी फिरवली, जिथे टोक येऊन मिळालं तिथे गाठ मारली आणि दोरी यांच्या हातात दिली. हे आत सीटवर बसले. तीच दोरी त्यांनी त्याच कडेवर आतून फिरवली. पुरली नाही. टोक आणि गाठ यांच्यात वीतभर जागा मोकळी राहिली.

"ताणून धरा."

"ताणलीय."

"मग कोपऱ्यात नीट बसवा, अधांतरी धरू नका."

"बसवलीय गं."

मी उघड्या चौकटीतून अर्धी आत वाकले, पोट बॉनेटवर, आणि दोरी त्यांच्या हातातून घेऊन स्वतः फिरवली. टोक गाठीला बरोब्बर मिळालं.

"बघा," मी म्हटलं. "डोळे तपासून घ्या आता."

त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा वीतभर कमी. पत्रा तोच, कड तीच, दोरी तीच. उन्हानं पत्रा फुगतो हे मलाही कळतं, पण बायकोसाठी न फुगता नवऱ्यासाठीच फुगेल असा पत्रा अजून निघायचाय. मी दोरी गुंडाळली आणि यांना म्हटलं, तुमचं लक्ष नाही. यांनी नेहमीसारखं ऐकून घेतलं. रबर मी माझ्या मापानं कापलं.

३

काच बसवली ती सकाळी, उजेड चांगला असताना. मी साबणाचं पाणी सढळ हातानं लावलं. हे आत बसले आणि दार लावून घेतलं. दार उघडं असलं की चौकट किंचित वाकते, म्हणून आम्ही लावतोच. मी काच टेकवली, टोकं आत सरकवली.

टिचकी, थाप. टिचकी, थाप. खालची बाजू लोण्यासारखी बसली.

डावीकडचा कोपरा आला तेव्हा यांचं बोट काचेला लागलेलं मला साबणातून दिसलं. मी थाप दिली, आणि मग टिचकी ऐकू आली. लांबच्या शेतात कुणी लाकूड फोडत असलं की कुऱ्हाड आधी खाली येते आणि आवाज मागून येतो, तसं. मी म्हटलं छप्पर पत्र्याचं आहे, आवाज घुमतो. इतकी वर्षं नव्हता घुमला, आज घुमला.

वरची बाजू घेतली. उशीर वाढला. टिचकीही बारीक होत गेली. यांचं बोट तर मला दिसत होतं, नेहमीच्याच जोरानं मारत होते. मी कान काचेला लावला. काच गार होती आणि आतून, खूप आतून, कुणीतरी पाटीवर पेन्सिल टेकवावी एवढा आवाज आला.

आणि मग हे ओरडले. आमचे हे. ज्यांचा आवाज शेजाऱ्यांना ठाऊक नाही ते.

"अगं, जवळ ये!"

माझे दोन्ही तळवे काचेवर होते. नाक काचेला टेकायचं बाकी होतं.

"इथेच आहे की मी."

"काय?"

"इथेच आहे!"

"तिथून थाप कशी लागणार? जवळ ये!"

मी साबण हातानं पुसला आणि आत बघितलं. यांचा चेहरा होता तिथेच होता, माझ्या चेहऱ्यासमोर, रोजच्याएवढा. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून पार पलीकडे बघत होते. एक हात कपाळावर आडवा धरला होता, उन्हात लांबचं माणूस ओळखायचं असलं की धरतात तसा.

मला भयंकर राग आला. भीती नंतर वाटली, आधी राग आला, खोटं कशाला सांगू. सकाळच्या कामाच्या वेळी ही कसली थट्टा? मी अशी थाप दिली की दुसरी काच असती तर तडकली असती. उरलेली बाजू टिचकीची वाट न बघता नुसत्या नजरेनं मारली. काच बसली. आमच्या हातून इतकी सुरेख काच कधीच बसली नव्हती, चौफेर एकसारखी.

हे दार उघडून उतरले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तारस्वरात म्हणाले, "पट्ट्या कधी येणार?"

पट्ट्या पॉलिशला गेल्या होत्या. "मी बहिरी नाही," मी म्हटलं.

"काय म्हणतेस?" हे ओरडले. त्यांच्या थुंकीचा थेंब माझ्या गालावर उडाला, इतके ते जवळ होते.

४

पट्ट्या यायच्या आधी पाणी मारून बघायचं असतं. हे आत बसणार, मी बाहेरून पाइपनं काचेवर पाणी सोडणार, आत कुठे ओल दिसली तर हे सांगणार. यांच्या कानात मळ झाला असेल असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. नाहीतर मी यांना पुन्हा आत बसूच दिलं नसतं.

"गळतंय का?" मी विचारलं.

उत्तर नाही. मी पाणी बंद केलं. छपरावरून ठिबकणारं पाणी, रस्त्यावरून जाणारी एखादी सायकल. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा नाही. काचेवरून पाण्याचे पडदे वाहत होते, त्यांच्यामागे यांचं डोकं दिसत होतं, स्टिअरिंगच्या वर, स्थिर.

बऱ्याच वेळानं आवाज आला. "कोरडं आहे."

"मग या बाहेर."

"येतो."

आले नाहीत. तुम्हाला सांगते, दाराचा खटका यांच्या मांडीपासून हातभरसुद्धा नाही. मी पाइप गुंडाळून खुंटीला लावला, बादली उपडी केली, हात पुसले. आतून पुन्हा यांचा आवाज आला, "येतोय, येतोय," आणि तो त्या एवढ्याशा गाडीत मावणारा नव्हता. गाडीत बोललेला आवाज सीटच्या कापडात मुरतो. हा मोकळा होता.

मी जाऊन दार उघडलं. हे समोरच बसलेले, हात खटक्यावर. घामानं थबथबलेले. छाती भात्यासारखी हलत होती आणि मला बघून म्हणाले, "किती हाका मारल्या तुला. थांबायचं तरी होतंस एका जागी."

५

ज्याला बोलून दाखवायचं तो समोर असून ऐकत नाही, याचा संताप काय असतो ते मला त्या दिवसांत कळलं. हे घरात होते. जेवत होते, दाढी करत होते, खुर्चीत बसत होते. पण मला हाक मारताना गावकुसाबाहेरच्या माणसाला मारावी तशी मारत. मी चहा पुढे केला की हात लांबवत नसत, उठून चालायला लागत आणि मला येऊन धडकत. कप फुटला तो फुटला. धडकल्यावर दचकून म्हणत, "अगं, तू कधी आलीस?"

लेक आली. तिचं सासर याच गावात, दोन गल्ल्या सोडून. तिनं बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं, मग डोळ्यांच्या. दोघंही म्हणाले, या वयाच्या मानानं उत्तम आहे.

"आई, तू त्यांच्याशी भांडू नकोस आता," लेक मला म्हणाली. "वय झालंय त्यांचं."

"वय माझंही झालंय. मी धडकते का कुणाला?"

"तू आधीपासूनच धडकतेस," ती म्हणाली आणि हसली. मलाही हसू आलं. ती माझ्यावर गेलीय.

ती गेल्यावर मी यांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून. यांचे दोन्ही हात हातात घेतले. हात ओळखीचे, रबरानं काळे पडलेले.

"कुठे आहात हो?" मी विचारलं.

यांनी डोळे बारीक केले. बराच वेळ माझ्या डोक्यावरून कुठेतरी शोधत राहिले. मी सापडले तेव्हा यांचा चेहरा उजळला, आणि मग लगेच पडला.

"तू फार लहान दिसायला लागलीस गं," ते ओरडून म्हणाले. "कालच्यापेक्षाही. जाऊ नकोस ना पुढे."

मी जात नव्हते. मी कुठेच जात नव्हते. आयुष्यभर ज्या माणसाच्या बोटाखाली माझा तळवा पडला तो माणूस माझे हात धरून मला म्हणतोय, जाऊ नकोस. मी रडले नाही. मी उठले आणि चपला घातल्या.

६

आमच्या आधी ती काच कुणी बसवली हे शोधायला वेळ लागला नाही. त्या रबराचा सांधा जसा कापला होता तसा कापणारा माणूस आसपास एकच आहे. आम्ही त्याला टोपीवाला म्हणतो. तोही आमच्यासारखाच जोडीनं काम करतो, तो बाहेर आणि त्याचा धाकटा भाऊ आत.

भाऊ दुकानाच्या दारात स्टुलावर बसला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले तर तो माझ्यातून रस्त्याच्या टोकाकडे बघत होता. एक हात कपाळावर आडवा.

मला पुढे विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं.

"काळी गाडी ना?" टोपीवाला म्हणाला. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "बाई म्हणाली पाणी येतं."

"बाकी काही नाही म्हणाली."

"हो."

"तुम्ही मला एक फोन करायचा होता. एका धंद्यातले आपण."

"काय सांगणार होतो फोनवर, वहिनी? तुम्ही हसला असता." हे मात्र खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

"काच परत काढून बघितलीत?"

"काढली, घातली, पुन्हा काढली. काच निघते. तो निघत नाही."

"आणि तुम्ही स्वतः? आत बसून बघितलंत?"

टोपीवाल्यानं भावाकडे बघितलं नाही. दुकानातल्या कपाटाकडे बघितलं. "मला पोरंबाळं आहेत, वहिनी," तो म्हणाला.

सख्खा भाऊ. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिथूनच मी वकीलबाईंना फोन लावला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

बाई जराही गडबडल्या नाहीत. "सांगितलं असतं तर तुम्ही काम घेतलं असतं का?"

"नसतं घेतलं."

"मग?" त्या म्हणाल्या. जसं काही त्यांनी खटला जिंकला. थोडं थांबून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला ती गाडी घरासमोरून हलवायची आहे हो, आणि काचेतला हा दोष गेल्याशिवाय ती विकू कशी? काका खिडकीत बसून तिच्याकडे बघत राहायचे. मी शेजारी असायचे त्यांच्या, आणि ते मला हाका मारायचे."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. दुःख तुमचं आणि दोरी ओढायची आमच्या माणसानं? मी फोन आपटला.

७

पट्ट्या पॉलिश होऊन आल्या होत्या. पण मी त्या बसवल्या नाहीत. आधी रबराचा ओठ आतून उचलत उचलत काच मोकळी केली, यांच्या मदतीनं उतरवली आणि पुन्हा दोरी भरली. हात यांचे बरोबर चालत होते, हातांना सगळं आठवत होतं. मग मी यांना खांद्याला धरून बॉनेटसमोर उभं केलं आणि तळवे काचेवर ठेवायला लावले.

"आज तुम्ही बाहेर," मी त्यांच्या कानात ओरडले. "मी आत."

त्यांना कळलं की नाही कोण जाणे. पण ते हात काढेनात.

मी काही शहाणपणाचा विचार करून बसले नव्हते. डोक्यात एवढंच होतं की दोरी माझ्या हातात असली तर मी यांना ओढून आणीन. आजवर हा माणूस ओढत आला, आज मी ओढीन. टोपीवाल्याला पोरंबाळं होती. मलाही लेक आहे. पण ती तिच्या घरी सुखात होती, आणि हे त्या मधल्या कुठल्यातरी उन्हात एकटे उभे होते. मी आत बसले आणि दार लावलं.

आत जुन्या कापडाचा आणि साबणाचा वास. दार लागल्याबरोबर रस्त्याचे आवाज थांबले. मी दोरी ओढायला घेतली आणि पहिली टिचकी मारली. थाप आली नाही. मी वाट बघितली. काचेवर यांचे तळवे दिसत होते, पण पलीकडे साबणात चेहरा म्हणून जे दिसत होतं ते नखाएवढं होतं. तळवे इथे आणि माणूस तिथे, हे कसं होतं ते मला विचारू नका. दिसलं ते सांगतेय.

मी ओढत राहिले. टिचकी. खूप मागून थाप. टिचकी. थाप. मी मनात म्हणत होते, या, या, या. कोपरा वळला. वरची बाजू लागली. आणि थाप जवळ यायला लागली.

आधी वाटलं जमतंय, येताहेत. मग माझं लक्ष यांच्या मागे गेलं. मागे शेडची भिंत होती, भिंतीला टेबल, टेबलावर आमची हत्यारं. ती भिंत मागे सरत होती. घाईनं नाही, एकेका टिचकीला थोडी थोडी. टेबल काडेपेटीएवढं झालं. दार तर कुठल्या कुठे गेलं. हे येत नव्हते. हे होते तिथेच होते. मी चालले होते.

तेव्हा मी थांबू शकत होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणाले बिचारीला कळलंच नाही. दोरीचं दोन हात टोक उरलं होतं, ती सोडून दार उघडलं असतं तर मी बहुतेक अर्ध्यावर कुठेतरी राहिले असते, लेकीला हाक ऐकू जाईल इतकी. मला सगळं कळत होतं. मी उरलेली दोरी ओढली.

काच बसली. यांनी शेवटची थाप दिली ती टिचकीबरोबर, एकाच क्षणी. मग त्यांनी तळव्यानं साबण पुसला. चेहरा काचेपलीकडे, एवढा मोठा, ओळखीचा. डोळे सरळ माझ्या डोळ्यांत.

"आलीस?" ते म्हणाले. त्यांच्या रोजच्या आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा.

मी मान हलवली. आणि तेवढ्यात, यांच्या मागे, जिथे भिंत असायला हवी होती आणि आता नुसती सपाट, फिकट जमीन पसरलेली होती, तिथे मला माणसं दिसली. घोळक्यानं नाही, विखुरलेली, एकमेकांपासून लांब. सगळ्यांचे हात कपाळावर आडवे धरलेले. त्यांतल्या एकानं आम्हाला बघितलं आणि तो आमच्याकडे चालायला लागला. तो टोपीवाल्याचा भाऊ असावा. मी दार उघडून उतरले, यांचा हात धरला आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही.

८

पट्ट्या आम्ही दोघांनी मिळून बसवल्या. गाडी बाईंनी माणूस पाठवून नेली. स्वतः आल्या असत्या तर मी त्यांना सोडलं नसतं, पण इतक्या लांबून भांडायचं तरी कसं?

यांचं आणि माझं बरं चाललंय. हे हळू बोलतात, मी हळू बोलते. चहा दिला की हात पुढे येतो. रात्री कूस वळवली की हे तिथे असतात, इंचभर अंतरावर. मी जे आणायला गेले होते ते मला मिळालं, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

राग येतो तो बाकीच्यांचा. दूधवाला, शेजारीण, सगळे जाऊन रस्त्याच्या त्या टोकाला उभे राहतात आणि तिथून पुटपुटतात. मी उत्तर दिलं की म्हणतात, ओरडू नका. ओरडायला मला हौस आहे? त्यांना नाही सवड तर नाही, माझं त्यांच्यावाचून अडत नाही.

पण काल लेक आली. म्हणजे दाराच्या दिशेला, खूप पुढे, ठिपक्याएवढं काहीतरी हललं, आणि चालण्यावरून मी ओळखलं. मी कपाळावर हात धरून बघत राहिले. ती काहीतरी बोलत होती. आवाज यायला वेळ लागतो, मी थांबले.

"आई, मी आलेय," ती म्हणत होती. "तुझ्या समोर बसलेय. तुझा हात धरलाय बघ."

मी खाली बघितलं. माझ्या हातात कुणाचातरी हात होता खरा. ऊबदार होता, त्याचा अंगठा माझ्या बोटांवरून फिरत होता. हात मनगटापर्यंत दिसत होता, पुढे नजर पोचत नव्हती. मी तो घट्ट धरला आणि पुन्हा त्या ठिपक्याकडे बघितलं.

पोटची पोर. दोन गल्ल्या सोडून राहते. म्हातारे आईबाप बसलेत, तर चार पावलं पुढे यायला काय होतं?

"मग ये ना जवळ," मी होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं.

उत्तर यायला फार वेळ लागला. ती रडत होती की हसत होती, एवढ्या लांबून काही कळलं नाही.